केमोथेरपी सुरू असताना चेहऱ्यावर उठलेले पुरळ : ही मुरुमे आहेत की आणखी काही?

ओंजळ

नमस्कार. माझे वडील ६३ वर्षांचे असून गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावी राहतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांना दर पंधरा दिवसांनी केमोथेरपी आणि तिच्यासोबत सेटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन सलाइनमधून दिले जाते. उलट्या, जुलाब, केस गळणे या सगळ्यांची मनाची तयारी आम्ही केली होती. परंतु पहिल्या सायकलनंतर नवव्या दिवशी नाकाच्या दोन्ही बाजू लाल झाल्या आणि पुढच्या चार दिवसांत कपाळ, गाल, हनुवटी, टाळू आणि छातीचा वरचा भाग पू भरलेल्या बारीक पुटकुळ्यांनी भरून गेला, याची कल्पना आम्हाला अजिबात नव्हती. कदाचित समुपदेशनाच्या वेळी सांगितलेही असेल. त्या दिवशी आमच्या कानांवर इतके काही पडत होते की त्यातले निम्मे डोक्यात शिरले नाही.

गावातल्या औषधाच्या दुकानातून मी मुरुमांचे एक जेल आणले. ते दोन रात्री लावल्यावर बाबांच्या गालांची आग होऊन कातडी सोलवटली. आत्याच्या मते ही औषधांची उष्णता आहे, म्हणून तिने अंडी बंद केली, सब्जा आणि गुलकंद सुरू केला आणि हळद-चंदनाचा लेप तयार ठेवला आहे. शेजारच्यांनी कांजिण्यांच्या शंकेने मुलांना आमच्याकडे पाठवणे थांबवले. "या वयात मला तारुण्यपीटिका आल्या," असे बाबा पहिले दोन दिवस हसून सांगत होते. आता ते आरशासमोर जात नाहीत आणि कोणी भेटायला आले की झोपल्याचे सोंग घेतात.

पुढची सायकल आता तोंडावर आली आहे. पुरळ असताना ती घेता येईल का, आणि तोपर्यंत घरी काय करावे? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया लिहावे.

पिंपळपान

कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्याने रोज आंघोळ घालावी आणि चेहऱ्यावर हळद व साय लावावी. माझ्या मुलीची मुरुमे याच उपायाने गेली. नैसर्गिक असल्याने अपाय होण्याचा प्रश्नच नाही.

रोमरंध्र

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि कर्करोगाचे उपचार घेणारे रुग्ण माझ्याकडे नियमित येतात. रुग्णाला न पाहता औषध लिहून देणे योग्य नाही, त्यामुळे खाली लिहितो ते तुमच्या डॉक्टरांशी नेमके काय बोलायचे हे कळावे यासाठी आहे.

पहिली गोष्ट, ही मुरुमे नव्हेत. तारुण्यातल्या मुरुमांत तैलग्रंथी जास्त तेल तयार करतात, रोमरंध्रे बुजतात आणि त्यामुळे काळे-पांढरे ठिपके दिसतात. तुमच्या वडिलांच्या चेहऱ्यावर तसे ठिपके बहुधा नसतील, कारण येथे घडते ते वेगळेच आहे. आपल्या बाह्यत्वचेच्या तळाच्या पेशी, केसांची मुळे आणि तैलग्रंथी यांना वाढीचा निरोप पोहोचवणारा इजीएफआर नावाचा एक ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा निरोप घेणारा रेणू) असतो. काही कर्करोगांच्या पेशी त्याच ग्राहकाच्या जोरावर वाढतात. सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही इंजेक्शने आणि गेफिटिनिब, एर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब या गोळ्या तो ग्राहक बंद करतात. औषधाला कर्करोगाची पेशी आणि गालावरची पेशी यांतला फरक कळत नसल्यामुळे त्वचेचे आवरण पातळ व कोरडे होते आणि रोमरंध्रांभोवती दाह सुरू होतो. हे पुरळ साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोर धरते, पुढे खपल्या धरू लागते आणि महिना-दीड महिन्यानंतर बऱ्याच जणांत ओसरून मागे कोरडेपणा ठेवते. ते संसर्गजन्य नाही. शेजारच्या मुलांनी खुशाल यावे.

तुमचे जेल का झोंबले, हेही यावरून कळेल. मुरुमांवरची बेन्झॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन, सॅलिसिलिक आम्ल ही औषधे तेल सुकवण्यासाठी आणि वरचा थर सोलण्यासाठी असतात. जी त्वचा आधीच कोरडी आणि पातळ झाली आहे, तिच्यावर ती लावणे म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखेच आहे. ते जेल आजच बंद करावे.

कोमट पाणी, साबण नसलेले सौम्य क्लीन्झर, टॉवेलने न घासता टिपून घेणे आणि अंग ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावणे, हे दिवसातून दोनदा करावे. उन्हाने हे पुरळ चिघळते, म्हणून झिंक ऑक्साइड असलेले ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. ते महाग वाटत असेल तर निदान रुंद काठाची टोपी आणि छत्री वापरावी, आणि शेतावर जायचेच असेल तर सकाळी नऊच्या आत जावे. औषधांमध्ये सामान्यतः १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे क्रीम आणि तोंडावाटे डॉक्सिसायक्लिन किंवा मिनोसायक्लिन काही आठवडे देतात. ही प्रतिजैविके येथे जंतू मारण्यापेक्षा दाह कमी करण्याच्या गुणासाठी दिली जातात. पुटकुळ्यांतला पू सुरुवातीला बहुतेक वेळा जंतुविरहितच असतो. मात्र पिवळ्या, मधासारख्या खपल्या धरल्या किंवा वेदना एकाएकी वाढली, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून तपासणी करून घ्यावी.

पिंपळपान यांना नम्रपणे सांगतो की निरोगी मुलीच्या मुरुमांवर जे चालले ते येथे चालेलच असे नाही. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात फुटलेल्या त्वचेवर बाजारची भुकटी, परसातला पाला किंवा दुधाची साय लावणे म्हणजे जंतूंना वाट करून देणे आहे. लिंबू, तुरटी, टूथपेस्ट आणि उटणे यांनाही हेच लागू आहे. आत्यांना सांगावे की अंडी बंद करू नयेत. या पुरळाचा आहारातल्या उष्णतेशी संबंध नाही, आणि त्वचा भरून येण्यासाठी प्रथिने लागतात. गुलकंद आवडत असेल तर खाऊ द्यावा.

पुढच्या सायकलचा निर्णय कर्करोगतज्ज्ञच घेतील. बहुतेकदा सौम्य आणि मध्यम पुरळ असताना उपचार चालूच राहतात. फार तीव्र असेल तर मात्रा पुढे ढकलतात किंवा कमी करतात. फोनवर नुसते "खूप पुरळ आहे" असे सांगू नका. बोटांसह आपला एक तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे १ टक्का, या हिशेबाने किती तळहात जागा व्यापली आहे, खाज आहे की दुखते, झोप लागते का, हे सांगा आणि दिवसाउजेडी काढलेली छायाचित्रे पाठवा.

काही बाबतींत पुढच्या सायकलपर्यंत थांबू नये. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला, कातडीला मोठे फोड येऊन ती सुटू लागली, किंवा तोंडात आणि डोळ्यांत व्रण आले, तर रात्री दोन वाजतासुद्धा रुग्णालय गाठावे. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्याने ताप झाकला जातो.

ओंजळ

डॉक्टर, आपले आभार कसे मानावेत ते कळत नाही. आपला प्रतिसाद मी आत्याला मोठ्याने वाचून दाखवला. लेप तिने स्वतःच्या चेहऱ्याला लावला आणि अंडी पुन्हा सुरू झाली. छायाचित्रे पाठवल्यावर आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी डॉक्सिसायक्लिन आणि सौम्य क्रीम सुरू केले आहे. बाबा सर्व गोळ्या रात्री झोपताना दुधासोबत घेतात. ही गोळीही तशीच घेतली तर चालेल ना?

रोमरंध्र

नाही, आणि हे विचारलेत ते फार बरे केले. दूध, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या, तसेच आम्लपित्तावरची काही औषधे डॉक्सिसायक्लिनचे शोषण कमी करतात. त्यामुळे त्यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे. शिवाय ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे व्रण पडतो. ती जेवणानंतर पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नये. या गोळीने उन्हाचा त्रासही वाढतो, म्हणून टोपी विसरू नये.

पाटीपेन्सिल

आमचा अनुभव थोडा वेगळा आहे, पण तो येथे लिहिणे आवश्यक वाटते. माझ्या १६ वर्षांच्या मुलाला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. परळला उपचार चालू होते आणि आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहत होतो. त्याला सेटुक्सिमॅब वगैरे काही नव्हते. परंतु पहिल्या टप्प्यात सलग चार आठवडे स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या छातीवर, खांद्यांवर आणि पाठीवर एकाच आकाराचे शेकडो दाणे उठले. चेहरा सुजून गोल झाला होता, डोक्यावर केस नव्हते आणि त्यात हे. शाळेतल्या मित्रांशी तो व्हिडिओवर बोलत असे, तेही त्याने बंद केले.

गोळ्यांमुळेच हे झाले असे त्याला कोणाकडून तरी कळले आणि त्याने त्या गुपचूप उशीच्या अभ्र्यात टाकायला सुरुवात केली. दोन दिवसांनी चादर झटकताना गोळ्या खाली पडल्या, तेव्हा माझे हातपाय गार पडले. मी रागावले नाही, नुसती रडले. डॉक्टरांनी मात्र त्याला समोर बसवून, मोठ्या माणसाशी बोलावे तसे सांगितले की या गोळ्या केवळ सूज किंवा उलटीसाठी नाहीत, त्या त्याच्या आजाराच्या पेशी मारतात, आणि शरीराला सवय झालेले स्टिरॉइड एकदम थांबवले तर रक्तदाब धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतो. त्यानंतर त्याने एकही गोळी चुकवली नाही. पुरळ उठणार हे त्याला आधीच सांगितले असते तर तो असे वागला नसता, असे मला आजही वाटते. मुलाच्या वयाचा विचार करून हे सांगायला हवे होते आणि ते आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच सुचले नाही.

त्याच्या दाण्यांना घाम आला की विलक्षण खाज सुटत असे आणि प्रतिजैविकांनी काहीच फरक पडला नाही. शेवटी त्वचेचा नमुना खरवडून तपासला तेव्हा ती यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, निघाली.

रोमरंध्र

पाटीपेन्सिल ताई, तुमचा प्रतिसाद फार मोलाचा आहे, कारण "केमोतले पुरळ" या एका नावाखाली निदान तीन-चार वेगळी दुखणी येतात आणि प्रत्येकाचा इलाज निराळा असतो. स्टिरॉइडमुळे येणारे दाणे तुम्ही वर्णन केले तसेच असतात, म्हणजे सगळे एका वयाचे, एका आकाराचे आणि चेहऱ्यापेक्षा धडावर जास्त. त्यातच आपल्या सर्वांच्या त्वचेवर राहणारी मॅलासेझिया ही यीस्ट रोमरंध्रांत माजते, विशेषतः प्रतिकारशक्ती कमी असताना आणि मुंबईसारख्या दमट हवेत. अशा वेळी प्रतिजैविके दिली तर जिवाणू कमी होऊन यीस्टला उलट मोकळे रान मिळते. केटोकोनाझोलचा शाम्पू पाठीला-छातीला काही मिनिटे लावून धुणे, हा तुलनेने सुरक्षित उपाय आहे.

एक सूचना ठळकपणे देतो. बुरशीविरोधी गोळ्या दुकानातून आणून तोंडावाटे कधीही घेऊ नयेत. तुमच्या मुलाला झालेल्या प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात व्हिंक्रिस्टीन हे औषध बहुतेकांना असते, आणि इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या त्याचे शरीरातले प्रमाण वाढवून मज्जातंतूंना गंभीर इजा करू शकतात.

तसेच दुकानात "सगळ्यावर चालते" म्हणून मिळणाऱ्या, जोरकस स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेल्या मलमांपासून दूर राहावे. चिठ्ठीशिवाय ती देऊ नयेत असा नियम असूनही ती सर्रास मिळतात. मी वर लिहिलेले १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि ही मलमे यांची ताकद अगदी वेगळी आहे.

सह्यकडा

मला फुप्फुसाचा कर्करोग असून मी इजीएफआरची गोळी घेतो. तांत्रिकदृष्ट्या ही केमोथेरपी नव्हे, परंतु घरातले सगळे तिला "केमोची गोळी"च म्हणतात आणि मीही आता दुरुस्त करत नाही.

पुरुषांसाठी दोन गोष्टी लिहितो. पुटकुळ्यांवरून वस्तरा फिरवला की त्या कापल्या जातात आणि रक्त थांबत नाही. प्लेटलेट कमी असतील तर अधिकच. मी विजेवर चालणारा ट्रिमर घेतला, तो इतर कोणाला देत नाही आणि प्रत्येक वेळी त्याचे पाते पुसून ठेवतो. दाढीनंतर तुरटी किंवा आफ्टरशेव्ह लावण्याचे धाडस एकदा केले होते. पुन्हा करणार नाही.

दुसरी गोष्ट नखांची. चेहरा सुधारला म्हणून मी निश्चिंत झालो होतो, तोच दुसऱ्या महिन्यात पायाच्या अंगठ्याच्या नखाची कड सुजून ओली झाली आणि चप्पल घालणे अशक्य झाले. हाही त्याच औषधाचा परिणाम असतो. नखे खोलवर कापू नयेत आणि पुढून निमुळती पादत्राणे टाळावीत. आणखी एक गंमत म्हणजे माझ्या पापण्यांचे केस इतके लांब झाले की नातीला हेवा वाटतो. ते डोळ्यांत वळून टोचू लागल्यावर मात्र नेत्रतज्ज्ञांकडून कापून घ्यावे लागले.

अबोली

माझा आजार स्तनाचा. केस गेल्यानंतर टाळूवर पुटकुळ्या उठल्या. त्यांचे कारण शेवटी अगदी साधे निघाले : नायलॉनचा स्कार्फ आणि त्याखालचा घाम. मऊ, धुतलेल्या सुती साडीचे तुकडे बांधायला लागल्यावर आठवडाभरात त्या गेल्या.

परंतु मी लिहिते आहे ती गोष्ट वेगळी आहे. चौथ्या सायकलनंतर पाठीपासून डाव्या छातीखालपर्यंत पट्ट्यासारखे दाणे उठले. मी त्यांना केमोचे पुरळ समजून मॉइश्चरायझर लावत बसले. दुखणे मात्र विलक्षण होते, पदर लागला तरी कळ येत असे. सासूबाईंनी पाहताक्षणी नागीण म्हणून ओळखले. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस जातो, या समजुतीने त्या इतक्या घाबरल्या की त्यांनीच मला त्याच दुपारी रुग्णालयात नेले. समजूत चुकीची होती, पण घाई अगदी बरोबर होती, कारण विषाणूविरोधी औषध जितक्या लवकर, शक्यतो ७२ तासांच्या आत, सुरू होईल तितके बरे असते, असे मला तेथे सांगण्यात आले. शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यात आणि दुखणारे दाणे असतील तर कोणीही माझ्यासारखे थांबू नये.

ओंजळ, शेजारच्या मुलांबद्दल डॉक्टरांनी लिहिले ते बरोबरच आहे, पण उलट बाजूही लक्षात ठेवावी. एखाद्या मुलाला खरोखर कांजिण्या झाल्या असतील तर त्याला बाबांपासून लांब ठेवायला हवे.

गणितज्ञ

पुरळ जितके जास्त तितके औषध अधिक लागू पडते, असे आमच्या वॉर्डात सर्वजण म्हणत. काही रुग्ण तर त्यासाठी क्रीम लावायचेच टाळत होते. यात कितपत तथ्य आहे?

रोमरंध्र

अर्धे. सेटुक्सिमॅबसारख्या औषधांच्या अनेक अभ्यासांत ज्यांना ठळक पुरळ आले त्यांचा गट सरासरीने अधिक काळ जगल्याचे दिसले आहे. ही सरासरी गटाची आहे. ज्याला पुरळ आले नाही त्याला औषध लागू पडत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. ते स्कॅनवरूनच ठरते. पुरळावर इलाज केल्याने कर्करोगाच्या औषधाचा गुण कमी होतो, असेही नाही. उलट पुरळ असह्य झाल्यामुळे मात्रा चुकल्या तर नुकसान होते.

इलाज आधीच सुरू करण्याचा फायदा मोजला गेला आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॅनिटुमुमॅब घेणाऱ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ९५ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला पहिल्या मात्रेच्या आदल्या दिवसापासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन आणि डॉक्सिसायक्लिन सुरू केले. दुसऱ्याला त्रास झाल्यावर इलाज दिला. सहा आठवड्यांत मध्यम किंवा तीव्र त्वचाविकार पहिल्या गटात २९ टक्के रुग्णांना झाला, तर दुसऱ्यात ६२ टक्क्यांना. त्यामुळे हा धागा वाचणाऱ्या ज्यांचे हे औषध अजून सुरू व्हायचे आहे, त्यांनी पहिल्या भेटीतच "त्वचेसाठी आधीपासून काय घ्यायचे?" असे विचारावे.

ओंजळ

सात आठवड्यांनी धागा वर काढत आहे. दुसरी सायकल ठरल्या दिवशीच झाली, आता पाचवी आटोपली. पुटकुळ्या बऱ्याच ओसरल्या आहेत. टाळूवर थोड्या आहेत. नखे अजून ठीक आहेत, तरी सह्यकडा काकांचे वाचून मी बाबांना पुढून रुंद चपला घेतल्या. मागे राहिलेले काळे डाग मात्र कपाळावर उठून दिसतात. येत्या महिन्यात चुलत बहिणीचे लग्न आहे आणि बाबांना जायचे आहे, हे त्यांनी आपणहून सांगितले. डागांसाठी काही लावता येईल का?

रोमरंध्र

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह शमल्यावर असे डाग राहतातच, आणि ते जायला काही महिने लागतात. उपचार चालू असताना गोरेपणाची किंवा डाग घालवणारी क्रीम लावू नयेत, त्यांनी दाह पुन्हा भडकतो. आत्ता सनस्क्रीन हेच डागांवरचे औषध समजावे.

अबोली

लग्नाच्या दिवसापुरते बिनवासाचे कन्सीलर चालते; मी माझ्या डॉक्टरांना विचारून भाच्याच्या मुंजीत लावले होते. नवीन डबी घ्यावी, ती कोणाला वापरू देऊ नये, धुतलेल्या बोटांनी थोपटून लावावे आणि रात्री न घासता काढावे. काका तयार होतील का, हा प्रश्न वेगळा.

ओंजळ

बाबांना विचारले. कन्सीलरला त्यांनी साफ नकार दिला आहे, पण टोपीऐवजी फेटा चालेल का असे विचारत आहेत. ट्रिमर आणला आहे. त्याने गालांवर खुंट राहतात, वस्तऱ्यासारखी गुळगुळीत दाढी होत नाही, अशी त्यांची रोज सकाळी तक्रार असते.

सह्यकडा

खुंट राहू द्यावेत. फेटा सुती असावा, सैल बांधावा आणि अक्षता पडल्या की काढून टाकावा. टाळूवर घाम साचू देऊ नये.